तेलाचा थेंब आणि लेखकांची ओळ : मिलिकन–फ्लेचर प्रकरण

भौतिकशास्त्राच्या पदवीला बसलेला आणि ‘मिलिकनचा तेलथेंब प्रयोग’ न शिकलेला विद्यार्थी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. धातूच्या दोन आडव्या चकत्या, त्यांच्यामधल्या हवेत तरंगणारा तेलाचा सूक्ष्म थेंब, दुर्बिणीतून मोजलेला त्याच्या चढ-उताराचा वेळ आणि त्यावरून काढलेला इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, एवढे सगळे प्रयोगवहीत उतरवले जाते. ज्या विद्यार्थ्याने या प्रयोगाची पहिली चालती मांडणी स्वतःच्या हातांनी उभी केली, त्याचे नाव मात्र प्रयोगाच्या शीर्षकात नाही आणि ज्या शोधनिबंधाने हा प्रयोग जगापुढे आला त्याच्या लेखकांच्या ओळीतही नाही. ते नाव हार्वे फ्लेचर. ते त्या ओळीत का नाही, हे कोणी आणि कसे ठरवले, आणि त्या ठरवण्यात नेमके काय चुकले, याचा हा अभ्यास आहे.

आरंभी भाषेविषयी एक खुलासा करतो. मराठीत गुरूविषयी लिहिताना आदरार्थी बहुवचन आपोआप येते आणि विद्यार्थी आपोआप एकेरीत जातो. श्रेयाच्या वाटणीचा विचार करणाऱ्या लेखात ही सवय निरुपद्रवी राहत नाही, म्हणून पुढे दोघांचाही उल्लेख आदरार्थीच केला आहे.

दोघांची परिस्थिती

रॉबर्ट मिलिकन १८९६ पासून शिकागो विद्यापीठात शिकवत होते. १९०९ मध्ये त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यांची पाठ्यपुस्तके नावाजलेली होती, परंतु संशोधक म्हणून नाव व्हावे असे काम त्यांच्या हातून अद्याप झाले नव्हते. त्यांच्याच रायर्सन प्रयोगशाळेत अल्बर्ट मायकेलसन होते, ज्यांना १९०७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. अशा विभागात, अशा वयात, मोठ्या शोधाची तहान माणसाला कशी लागत असेल, हे समजून घेतल्याशिवाय पुढची घटना नीट कळत नाही.

फ्लेचर तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. यूटा राज्यातल्या प्रोव्हो गावात वाढलेले आणि तिथल्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकलेले हे गृहस्थ शिकागोत आले, तेव्हा त्यांचे आधीचे शिक्षण पुरेसे मानायला विद्यापीठ तयार नव्हते. विशेष विद्यार्थी म्हणून दाखल व्हावे आणि वरच्या वर्गांच्या परीक्षा देऊन आपली पात्रता सिद्ध करावी, हा मार्ग त्यांना मिलिकन यांनीच दाखवला. पुढे शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून कामेही मिलिकन यांनीच मिळवून दिली. म्हणजे शोधनिबंधाचा प्रश्न उभा राहण्यापूर्वीच या विद्यार्थ्यावर आपल्या मार्गदर्शकाचे खरे आणि मोठे उपकार होते. या प्रकरणाचा अर्धा गुंता त्या उपकारांत आहे.

प्रयोगशाळेत काय घडले

इलेक्ट्रॉनचा भार मोजण्यासाठी मिलिकन यांनी लुई बेगेमन या विद्यार्थ्यासोबत जे काम आधी सुरू केले होते, ते एच. ए. विल्सन यांच्या पद्धतीवर आधारलेले होते. पाण्याच्या विद्युतभारित थेंबांचा ढग तयार करायचा आणि तो केवळ गुरुत्वाकर्षणाखाली किती वेगाने खाली येतो व विद्युतक्षेत्रात किती वेगाने येतो याची तुलना करायची, असे तिचे स्वरूप होते. मिलिकन यांनी जास्त दाबाची विद्युतघटमाला लावून पाहिली तेव्हा ढग पांगला आणि मोजके थेंब मात्र अधांतरी स्थिर राहिले. एकेका थेंबावर मोजमाप करता येईल हे त्यातून लक्षात आले. ही सूझ मिलिकन यांची होती, ती तेलाच्या प्रयोगापूर्वीची होती आणि ऑगस्ट १९०९ मध्ये कॅनडातल्या विनिपेग येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी हे काम मांडलेही होते. अडचण एकच उरली होती : पाण्याचा थेंब पाहता पाहता वाफ होऊन लहान होत जाई.

प्रबंधाच्या विषयाच्या शोधात फ्लेचर १९०९ च्या अखेरीस मिलिकन यांच्याकडे गेले. मिलिकन, बेगेमन आणि ते असे तिघे बोलत बसले असता लवकर न उडणारा कोणता द्रव वापरावा, याची चर्चा झाली आणि पारा, तेल व आणखी एकदोन पदार्थांची नावे निघाली. तेल कोणी सुचवले? मिलिकन यांच्या १९५० च्या आत्मचरित्रानुसार विनिपेगहून परतताना आगगाडीतच त्यांच्या मनात आले की, घड्याळासाठी न उडणारे तेल माणसाने केव्हाच तयार केलेले असताना आपण पाण्याशी झटापट करत बसलो आहोत. तेल आपण सुचवले अशी समजूत घेऊन आपण त्या चर्चेतून बाहेर पडलो, असे फ्लेचर सांगतात; परंतु अशा चर्चेत कोणी काय सुचवले हे खात्रीने सांगणे कठीण असते आणि मिलिकन यांच्या मनात ते आधी आले नव्हते असे आपण म्हणू शकत नाही, हेही तेच लिहितात. आपल्या हक्काविषयी लिहिताना इतका सांभाळून लिहिणारा माणूस बाकीच्या तपशिलातही विश्वासार्ह वाटतो, असे माझे मत आहे.

त्यानंतर काय घडले याविषयी मात्र फ्लेचर ठाम आहेत. ते दुकानात जाऊन अत्तर उडवायची फवाऱ्याची बाटली आणि घड्याळाचे तेल घेऊन आले. पितळेच्या दोन चकत्या, वरच्या चकतीला बारीक भोक, प्रकाशासाठी आर्क दिवा, भिंगे आणि छोटी दुर्बीण अशी कामचलाऊ मांडणी त्यांनी उभी केली. फवारा मारून दुर्बिणीला डोळा लावताच इंद्रधनुष्याच्या रंगांत चमकणारे चिमुकले तारे त्यांना दिसले, ब्राऊनीय गतीमुळे (हवेच्या रेणूंच्या धडकांमुळे सूक्ष्म कणांची होणारी अखंड हालचाल) थरथरणारे. आणि चकत्यांना विद्युतदाब जोडताच काही तारे वर चढू लागले, काही वेगाने खाली आले. मिलिकन त्या वेळी तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ते पाहिले आणि ते हरखून गेले. मग अधिक चांगले उपकरण तयार झाले आणि दोघे रोज एकत्र मोजमापे घेऊ लागले. ही बातमी पसरल्यावर प्रयोगशाळेत पाहुणे येऊ लागले. विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनीही दुर्बिणीतून थेंब पाहिल्याची आठवण फ्लेचर यांनी नोंदवली आहे.

ती भेट

१९१० च्या उन्हाळ्यापर्यंत पहिला निबंध आकाराला आला. तो आपल्या दोघांच्या नावाने जाईल, असे फ्लेचर गृहीत धरून होते. एके दिवशी त्यांच्या छोट्या बिऱ्हाडाचे दार वाजले. घरात महिनाभराचे तान्हे मूल होते आणि फ्लेचर त्याला सांभाळत होते. दारात मिलिकन उभे होते. त्यांनी सांगितले की, प्रकाशित निबंध पीएच.डी.चा प्रबंध म्हणून चालतो, मात्र त्यावर उमेदवाराचे एकट्याचेच नाव असावे लागते. या संशोधनातून एकूण पाच निबंध होणार होते. इलेक्ट्रॉनच्या भाराच्या निबंधावर एकट्या मिलिकन यांचे नाव असावे आणि ब्राऊनीय गतीवरच्या ज्या निबंधाचा प्रबंध होईल त्यावर एकट्या फ्लेचर यांचे, अशी त्यांची सूचना होती. पहिला निबंध सर्वांत महत्त्वाचा ठरणार हे दोघांनाही दिसत होते. फ्लेचर यांना वाईट वाटले आणि त्यांनी मान्य केले.

मिलिकन यांचा निबंध सप्टेंबर १९१० मध्ये ‘सायन्स’मध्ये आणि नंतर विस्ताराने १९११ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. फ्लेचर यांना १९११ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पीएच.डी. मिळाली. मिलिकन यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते विद्युतभाराच्या आणि प्रकाशविद्युत परिणामाच्या अशा दोन्ही कामांसाठी.

फ्लेचर सत्तर वर्षे गप्प राहिले. त्यांनी आपली हकीकत लिहून मित्राच्या स्वाधीन केली आणि आपल्या मृत्यूनंतरच ती छापावी असे सांगितले, म्हणजे त्यात आपला काही स्वार्थ आहे असे कोणाला वाटू नये. ते १९८१ मध्ये वारले आणि जून १९८२ च्या ‘फिजिक्स टुडे’त ती हकीकत प्रसिद्ध झाली. मिलिकन यांच्याविषयी मनात कटुता नाही आणि ते आपल्याशी नेहमी चांगले वागले, असे तीत स्पष्ट म्हटले आहे.

पुरावा किती, आणि कोणाचा

त्या भेटीची हकीकत एकतर्फी आहे आणि ती सांगणारी व्यक्ती उतारवयात मागे वळून पाहते आहे, हे विसरून चालणार नाही. परंतु निवाड्याला लागणारा सर्वांत भक्कम पुरावा फ्लेचर यांच्या आठवणीत नाही, तो मिलिकन यांच्या स्वतःच्या निबंधात आहे. १९११ च्या निबंधात ते लिहितात की, डिसेंबर १९०९ पासून या प्रयोगांवर एकत्र काम करणारे श्री. हार्वे फ्लेचर आणि मी अशा दोघांनी डिसेंबर ते मे या काळात तेल, पारा आणि ग्लिसरीन यांच्या शंभर ते दोनशे थेंबांचा अभ्यास केला आणि प्रत्येक थेंबावरचा भार सर्वांत लहान भाराच्या नेमक्या पटीत आढळला. हे वाक्य ऋणनिर्देशातल्या सौजन्याचे नाही. निबंधाचा गाभा असलेला निष्कर्ष ‘आम्ही दोघांनी’ काढला, अशी ती लेखकाची कबुली आहे. आणि तिच्या वर, लेखकांच्या ओळीत, नाव एकट्याचे आहे.

त्याच निबंधाच्या एका तळटीपेत मिलिकन आणखी एका विद्यार्थ्याचे नाव घेतात. फवाऱ्याने सूक्ष्म, गोल थेंब तयार करण्याची युक्ती रायर्सन प्रयोगशाळेत जानेवारी १९०८ मध्ये जे. वाय. ली यांनी ब्राऊनीय गतीचा अभ्यास करताना प्रथम योजली, असे तीत नमूद आहे. यावरून मिलिकन श्रेय लपवण्यासाठी टपलेले होते असे म्हणता येत नाही. तपशिलाचे श्रेय ते मोकळ्या मनाने देत होते. अडथळा फक्त त्या एका ओळीपाशी होता, जिथून निबंध उद्धृत होतो आणि प्रयोगाला नाव मिळते.

मिलिकन यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या अचूक मोजमापांनी ‘ई’चे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भाराचे, मूल्य प्रस्थापित झाले ती १९१३ च्या निबंधातली आहेत, त्यांच्या नोंदी १९११ च्या अखेरीपासून एप्रिल १९१२ पर्यंतच्या आहेत आणि तेव्हा फ्लेचर शिकागो सोडून प्रोव्होला परतले होते. तो निबंध मिलिकन यांचाच. एका थेंबावर मोजमाप करण्याची कल्पना त्यांची, आधीची वर्षे त्यांची आणि नंतरचीही त्यांची. फ्लेचर यांना डावलून मिलिकन यांनी सगळा प्रयोग बळकावला, असे काही ठिकाणी लिहिले जाते ते मला पटत नाही. माझा आक्षेप १९१० च्या निबंधापुरता आहे, आणि तेवढ्यापुरता तो पक्का आहे.

चूक कुठे झाली

मिलिकन यांनी सांगितलेला नियम नीट वाचावा. प्रबंध म्हणून दाखवायच्या निबंधावर उमेदवाराचे एकट्याचे नाव हवे, एवढेच तो सांगतो. उरलेल्या चार निबंधांविषयी तो काहीही म्हणत नाही. फ्लेचर यांच्या प्रबंधावर दुसरे नाव नसावे, यावरून मिलिकन यांच्या निबंधावर फ्लेचर यांचे नाव नसावे असे कोणत्याही तर्काने निघत नाही. ती दोन वेगळी वाक्ये आहेत आणि त्या दिवशी ती एकत्र बांधून, एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने घ्यायचे अशा सौद्याच्या रूपात पुढे ठेवली गेली. नियमाने सौद्याला कायद्याचा पेहराव दिला. पंचवीस वर्षांच्या, कडेवर मूल असलेल्या, पदवी अद्याप हाती न आलेल्या माणसाने समोर बसलेल्या उपकारकर्त्याला ‘हे यातून निघत नाही’ असे म्हणायचे कसे? संमती मिळाली, परंतु जिथे नकार देण्याची जागाच नव्हती तिथल्या संमतीला न्याय म्हणता येणार नाही.

‘त्या काळी अशीच रीत होती’ हा बचाव या प्रकरणात टिकत नाही आणि त्यासाठी आजचे नियम १९१० वर लादण्याचीही गरज नाही. मिलिकन यांनी १९०८ मध्ये बेगेमन यांच्यासोबत जोडीने काम प्रसिद्ध केले होते. खुद्द या पाच निबंधांपैकी दोन मिलिकन आणि फ्लेचर यांच्या संयुक्त नावाने निघाले. विद्यार्थ्याचे नाव सहलेखक म्हणून घालणे त्याच प्रयोगशाळेत, त्याच वर्षांत, त्याच दोन व्यक्तींमध्ये चालू होते. जो निबंध सर्वांत मोलाचा, नेमका तिथेच ते थांबले.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. ब्राऊनीय गतीवरच्या निबंधामागची मोजमापेही त्याच उपकरणावरची, मार्गदर्शकासोबत घालवलेल्या त्याच महिन्यांतली होती, आणि त्यावर फ्लेचर यांचे नाव एकटे आले. म्हणजे एका अन्यायाची भरपाई म्हणून दुसरे असत्य देण्यात आले. दोघांना एकेक निबंध मिळाल्याने हिशेब जुळल्यासारखा दिसतो, परंतु लेखकांची ओळ ही दोन भागीदारांनी आपसांत वाटून घ्यायची मिळकत नाही. हे काम कोणी केले, याची ती वाचकाला दिलेली साक्ष असते. या वाटणीत वाचकाला दोनदा चुकीची साक्ष मिळाली, आणि त्या दिवशी बोलणाऱ्या दोघांमध्ये वाचकाच्या बाजूने कोणीच नव्हते.

फ्लेचर यांचे पुढचे आयुष्य यशस्वी झाले, म्हणून प्रश्न मिटला असेही काही जण म्हणतात. ते १९१६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये गेले, पुढे बेल प्रयोगशाळेत श्रवण आणि ध्वनी या विषयांत त्यांनी पायाभूत काम केले आणि १९२९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. पण अन्याय झालेल्याचे पुढे बरे झाले हा अन्यायाचा खुलासा होत नाही. आणि ज्यांचे पुढे असे काही झाले नाही, त्यांच्या हकिकती जपून ठेवून छापायला कोणी मित्र आणि कोणते मासिक पुढे येणार होते?

आपल्या विभागांत

‘हा सरांचा पेपर आहे’ हे वाक्य आपल्या विद्यापीठांत इतक्या सहज उच्चारले जाते की, त्यात काही ठरवले जात आहे हे बोलणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. मार्गदर्शकाची सही अहवालावर लागते, शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीवर लागते, प्रबंध सादर करण्याच्या अर्जावर लागते. आणि त्याच मार्गदर्शकाशी लेखकांच्या क्रमाविषयी बोलायचे असते. शिवाय या क्रमाला आता गुण जोडलेले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दोनच लेखक असले तर प्रत्येकाला निबंधाच्या ७० टक्के गुण मिळतात, परंतु लेखक दोनापेक्षा जास्त झाले की प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतरांना ३० टक्के. तिसरे नाव येताच कोणाचे तरी चाळीस टक्के जातात, आणि ते कोणाचे जावेत हे बहुधा सर्वांत वरचा माणूस ठरवतो. उलट दिशेचे एक पाऊलही पडले आहे : पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही देशव्यापी अट काढून टाकली. मिलिकन यांनी ज्या प्रकारचा नियम पुढे केला, तशा नियमाचा दाब त्यामुळे काहीसा कमी झाला. मात्र एखाद्या विभागाने स्वतःची तशी अट ठेवली असेल, तर ती अट आणि लेखकांचा क्रम या दोन गोष्टी एकाच बैठकीत, एकाच व्यक्तीने ठरवू नयेत, असा माझा आग्रह आहे.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार कसोट्या ठरवल्या आहेत : कल्पना, आराखडा, नोंदी किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा; लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. केवळ देखरेख किंवा केवळ निधी मिळवून देणे तिथे पुरत नाही. या कसोट्यांचा खरा उपयोग भांडण झाल्यावर होत नाही, तो काम सुरू होताना होतो. निष्कर्ष हाती आला की त्याची किंमत कळते, आणि किंमत कळल्यावर कोणाचेच मन निर्लेप राहत नाही. १९१० च्या उन्हाळ्यात मिलिकन यांचेही राहिले नसावे.

म्हणून संशोधक विद्यार्थ्यांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी मी या प्रकरणावर एक अभ्यास सुचवतो. आपण डिसेंबर १९०९ मध्ये रायर्सन प्रयोगशाळेत आहोत असे समजावे. मांडणी अजून उभी नाही आणि पारितोषिकाचा मागमूस नाही. एका कागदावर दोघांनी, विभागातल्या तिसऱ्या अध्यापकासमोर, कोण काय करणार आणि कोणत्या निबंधावर कोणाची नावे येणार हे लिहायचे आहे. एका थेंबावरची पद्धत : मिलिकन. फवाऱ्याची युक्ती : ली, आणि तशी तळटीप. उपकरणाची पहिली मांडणी : फ्लेचर. मोजमापे : दोघे. विद्युतभाराचा निबंध : दोघांची नावे, मिलिकन यांचे आधी. प्रबंध : फ्लेचर, आणि कोणते काम एकत्र झाले याचा खुलासा त्याच्या पहिल्या पानावर. विद्यार्थ्यांसोबत बसून हा तक्ता भरायला फार वेळ लागू नये. वेळ लागेल तो एकाच रकान्याला. तेलाची सूचना कोणाची, यापुढे मिलिकन, बेगेमन आणि फ्लेचर अशी तिन्ही नावे लिहावी लागतील.